ओळीखाली बोट

दुसरीचा वर्ग गप्प बसला म्हणजे एक तर कोणीतरी काच फोडलेली असते, नाहीतर कोणाच्या तरी दप्तरात बेडूक असतो, असा खडूबाईंचा इतक्या वर्षांचा अनुभव. त्यामुळे त्या सोमवारी फळ्यावर वाक्य लिहून त्या मागे वळल्या आणि सगळा वर्ग हाताची घडी घालून शहाण्यासारखा बसलेला दिसला, तेव्हा त्यांना काही आनंद झाला नाही. आधी त्यांनी खिडकीकडे बघितलं. काच शाबूत होती.

"कोण वाचणार?" त्यांनी विचारलं.

एकही हात वर आला नाही. वाक्य काही डोंगराएवढं नव्हतं. 'कुत्र्याने बाबांचा जोडा पळवला.' एरवी असल्या वाक्यावर वर्ग तुटून पडायचा, कोणाच्या घरी कुत्र्याने काय काय पळवलं याच्या गोष्टी सुरू व्हायच्या आणि तास हातातून जायचा. आज मुलं फळ्याकडे टक लावून बसली होती. चेहऱ्यावर भीती नाही, लाज नाही. बसच्या थांब्यावर माणसं उभी असतात तशी निवांत.

"भिंगरी, तू वाच बघू."

भिंगरी पहिल्या बाकावरची. हे नाव तिला वर्गानेच ठेवलं होतं, कारण एका जागी बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. पण आज तीही घडी घालून बसली होती.

"थोडं थांबा ना, बाई," ती म्हणाली.

"कशाला?"

"तो दमला की सांगेल."

"कोण दमला की?"

भिंगरीने समोर बोट दाखवलं आणि मग तिच्याच ध्यानात आलं की समोर आहे तो फळा आहे. तिने जीभ चावली. वर्ग खो खो हसला. खडूबाईही हसल्या, पण हसता हसताच थांबल्या.

कारण 'तो' कोण हे त्यांना कळलं होतं. शाळेत टॅब येऊन सहामाही उलटत आली होती. प्रत्येक मुलाला एक, निळ्या रबरी कव्हरातला. त्यावर ओळ दिसायची, खाली तीन चित्रं, ओळीला जुळणाऱ्या चित्राला हात लावायचा की छानसा आवाज होऊन तारा पडायचा. मूल अडलं तर टॅब थोडा वेळ थांबायचा, मग गोड आवाजात ओळ स्वतःच वाचून दाखवायचा, आणि तरीही मूल गप्प राहिलं तर बरोबर चित्र जागच्या जागी थुईथुई नाचायला लागायचं. लहान जिवाला हिरमुसल्यासारखं होऊ नये म्हणून कंपनीने केलेली ही सोय. मुलांनी मात्र आपल्या भाषेत तिचा अर्थ लावला होता. टॅब दमतो. आपण गप्प बसलो की तो आपल्याआधी दमतो आणि सगळं सांगून टाकतो.

मधल्या सुट्टीत त्या भिंगरीच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिला टॅब सुरू करायला सांगितला. ओळ आली. भिंगरीने घडी घातली, खिडकीतून झाडावरचा कावळा बघितला, टॅब बोलला, चित्र नाचलं, तिने हात लावला, तारा पडला. पुन्हा ओळ, पुन्हा कावळा, पुन्हा तारा. शाळेत सगळ्यांत जास्त तारे याच पोरीचे होते. मोठ्या सरांच्या ऑफिसबाहेर तिचा फोटो लागला होता, भोवती चंदेरी कागदाची नक्षी. आणि ह्या पोरीला 'जोडा' वाचता येत नव्हता.

आता कोणी म्हणेल, जुन्या बाई, ह्यांना यंत्राचं वावडं असणार. अजिबात नाही. खडूबाईंना खडूबाई म्हणायचे ते त्यांच्या केसांत, चष्म्यावर, कोपरावर कायम खडूची पूड असायची म्हणून. टॅब आला तेव्हा शाळेत पहिल्यांदा तो मनापासून वापरला असेल तर त्यांनीच. त्यात आवाज टेप करायची सोय होती. त्यांनी मुलांना आपापलं वाचन टेप करून ऐकायला लावलं. मुलं स्वतःचा आवाज ऐकून लाजायची, हसायची, "बाई, मी इथे गाडी घसरवली" असं आपणहून सांगायची आणि पुन्हा वाचायची. मुद्दाम दोन मुलांमध्ये एकच टॅब, दोघांची भांडणं, भांडणातून वाचन. असे ते दिवस फार छान गेले होते.

मग कंपनीचे साहेब पाहणीला आले. रोज नवा टाय लावणारे गृहस्थ, म्हणून शाळेत त्यांचं नाव टायवाले पडलं. त्यांनी टॅब उजेडात तिरके धरून बघितले आणि कपाळाला आठ्या घातल्या. काचेवर बोटांचे डाग. मुलं वाचताना ओळीखाली बोट फिरवायची, खाऊच्या, मातीच्या, नाकातल्या बोटांनी. फतवा निघाला: उत्तराला हात लावायचा, एरवी स्क्रीनला बोट लावायचं नाही, हाताची घडी घालून बसायचं. मोठ्या सरांना तो नियम इतका आवडला की त्यांनी तो मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक वर्गात लावला. शिस्तीची शिस्त आणि काचही स्वच्छ. टेप करण्याने गोंगाट होतो म्हणून तेही बंद झालं. आणि त्या महिन्यापासून ताऱ्यांचा नुसता पाऊस पडायला लागला.

नियम खडूबाईंनीही पाळला होता. आता त्याच गोष्टीचा त्यांना राग राग येत होता.

शाळा सुटल्यावर त्या तडक ऑफिसात गेल्या. मोठे सर खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ पुसत होते. तपासणी जवळ आली की सर स्वतःच्या हाताने घड्याळ पुसत.

"सर, माझ्या वर्गाला वाचता येत नाही."

"तुमच्या वर्गाला पैकीच्या पैकी तारे आहेत," सर वरूनच म्हणाले.

"तारे टॅबला मिळालेत. तोच वाचतो, तोच उत्तर देतो. मुलं फक्त बटण दाबतात."

सर खाली उतरले. माणूस वाईट नव्हता, पण एखादी गोष्ट एकदा ठरली की ती बदलायची म्हणजे त्यांना ताप भरायचा. "बाई, परवा मूल्यमापनाच्या मॅडम येताहेत. तुमच्याच वर्गात बसून वाचनाची चाचणी बघणार. निकाल चांगला लागला की आपली शाळा नमुना शाळा. पुढच्या सत्रापासून दुसरी आणि तिसरी खालच्या हॉलमध्ये एकत्र बसतील, टॅबवर शिकतील. तिसरीच्या बाई निवृत्त होताहेत, त्यांच्या जागी कोणी यायचं नाही. देखरेखीला तुम्ही एकट्या पुरे. आरामाचं काम आहे."

"देखरेख? म्हणजे शिकवायचं नाही?"

"शिकवायला टॅब आहे ना."

"सर, हा हॉल झाला तर ही मुलं चौथीत जाईपर्यंत कोणाला पत्ताही लागणार नाही, की त्यांना अक्षर येत नाही. मग कोण शिकवणार त्यांना? चाचणीपुरती तरी ती मदत बंद करा. मुलांना किती येतं ते दिसू दे."

"ती सेटिंग कंपनीकडे असते. आणि कंपनी तुमच्याच घरात राहते, मला काय सांगता?" सरांनी फडकं झटकलं. "शिवाय हॉल रंगवूनही झालाय."

सरांच्या दृष्टीने हा शेवटचा आणि सगळ्यांत बिनतोड मुद्दा होता.

कंपनी खडूबाईंच्या घरात राहते हे मात्र खरं होतं. त्यांचा धाकटा दीर कंपनीत टॅब बसवायच्या आणि दुरुस्त करायच्या कामावर होता. खांद्यावरच्या पिशवीत वायरींचं भेंडोळं घेऊन फिरायचा, म्हणून शाळेतली मुलं त्याला चार्जरदादा म्हणायची. बरीच वर्षं घरात बसून राहिल्यावर, भावाच्या आणि वहिनीच्या जिवावर जेवतो असं चारचौघांचं ऐकून घेतल्यावर त्याला ही नोकरी लागली होती. सासूबाईंनी ती बातमी गल्लीतल्या मांजरांनासुद्धा सांगितली असेल. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळ्या करायचा. घरात वाद पेटला की त्याला हमखास झोप लागायची.

लाँड्रीच्या वर तीन खोल्यांचं घर. त्या संध्याकाळी मधल्या खोलीत दीर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन एक टॅब उघडून बसला होता. खिडकीशी सासूबाई दुसऱ्या टॅबवर पहिलीचे धडे वाचत होत्या. लहानपणी त्यांची शाळा अर्ध्यावर सुटली होती. लेकाने टॅब आणून दिल्यापासून त्यांनी तो हातातून सोडला नव्हता. खडूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. जरा वेळाने त्यांनी विषय काढलाच.

"भावोजी, ती मदतीची सोय बंद करता येते का?"

दिराने मान वर केली नाही. "मला ठाऊक होतं तू हे विचारणार."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत आहे, वहिनी. साहेबांनाही. एका शाळेत ती बंद केली होती. मुलं रडली. मुलं रडली म्हणून आईबाप भांडायला आले, आणि शाळेने टॅब परत पाठवले. तेव्हापासून तिचा कोड साहेब स्वतःकडे ठेवतात. माझ्या हातात काही नाही." मग त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "आणि त्या मॅडमसमोर तू तोंड उघडू नकोस. तू माझी वहिनी आहेस हे साहेबांना माहीत आहे. तू बोललीस की पहिला घरी बसेन तो मी."

"माझ्या पोराच्या पोटावर पाय आला तर बघ हं," खिडकीशी बसूनच सासूबाई म्हणाल्या. "किती वर्षांनी मार्गाला लागलाय तो."

"आई, तिकडे वर्गभर पोरं मार्गाला लागायची आहेत."

"त्यांना त्यांचे आईबाप आहेत."

"त्यांच्या आईबापांना वाटतंय पोरं वाचतात. घरी तारे दाखवतात ना."

खडूबाईंनी एक सदरा घडी करून पुन्हा उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली. दिराची नोकरी जावी असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. तो घरी बसलेला असतानाचं त्याचं तोंड त्यांनीच सगळ्यांत जास्त पाहिलं होतं, दुपारची उशी डोक्यावर घेऊन पडलेला, कोणी दार वाजवलं की आतल्या खोलीत जाणारा. तो परत तसा पडलेला बघायचा म्हणजे त्यांच्याच्याने झालं नसतं. पण भिंगरीचा तो कावळाही डोळ्यांपुढून हलत नव्हता.

तेवढ्यात सासूबाई टॅबवर खेकसल्या. "पोरांना बरा सांगतो हा. माझ्याशीच काय वाकडं आहे याचं? मघापासून अडलेय या अक्षरावर, तोंड उघडेल तर शपथ."

"आई, बोट काढ," दीर सवयीने म्हणाला. "बोट टेकलेलं असलं की त्याला वाटतं तू वाचतेयस. मग तो मध्ये बोलत नाही."

सासूबाईंचं बोट ओळीखाली होतं. लहानपणी कोणीतरी शिकवलं होतं तसं, प्रत्येक अक्षराखाली थांबत थांबत.

दिराच्या लक्षात आलं आपण काय बोलून गेलो ते. त्याने वहिनीकडे बघितलं. वहिनीच्या हातातली घडी अर्ध्यावर थांबली होती.

"वहिनी, नको."

"मी काही बोलले का?"

"तू बोलत नाहीस तेव्हाच मला भीती वाटते."

बोट काढलं का, असं सासूबाईंना कोणी विचारलं नव्हतं, पण त्यांनी आपणहून जाहीर केलं, "मी नाही काढत. त्याला नाही सांगायचं तर राहिला. माझं मी वाचते." आणि चष्मा वर सरकवून त्या पुन्हा ओळीच्या सुरुवातीपासून लागल्या.

चाचणीच्या आदल्या दिवशी खडूबाईंनी वर्गाला काहीही विशेष शिकवलं नाही. शिकवलं असतं तर तीही एक थापच झाली असती. एवढंच विचारलं, "उद्या कोणी चुकलं तर मी रागावेन का?"

"नाही," वर्ग म्हणाला.

"पाहुण्यांसमोर चुकलं तरी?"

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. "नाही," भिंगरी म्हणाली. "पण आम्ही चुकतच नाही ना, बाई."

हे ऐकून खडूबाई फळा पुसायला वळल्या. आपल्याच लेकरांना चारचौघांत तोंडघशी पाडायचं, आणि तेही ती आपल्यावर विश्वास टाकून बसलेली असताना. शाळा सुटल्यावर जिना उतरतानाही त्या स्वतःशी भांडत होत्या. पण हॉलवरून जाताना दार उघडं दिसलं. आत लांबच लांब टेबलं मांडलेली, भिंती पिवळ्याजर्द, फळा कुठेच नाही. फळ्यासाठी खिळासुद्धा ठोकलेला नव्हता. तिथे त्या जरा वेळ उभ्या राहिल्या आणि त्यांचं भांडण मिटलं.

मूल्यमापनाच्या मॅडम उंच होत्या, खोकल्याच्या गोळ्या चघळत होत्या, आणि खुर्ची नाकारून दुसरीच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. खडूबाईंना त्या तेवढ्यावरूनच आवडल्या. दाराशी मोठे सर, खिडकीशी टायवाले, आणि मागच्या भिंतीला टेकून पिशवी छातीशी धरलेला दीर. तो वहिनीकडे बघत नव्हता.

टायवाल्यांनी छोटंसं भाषण केलं. मुलांची प्रगती, पालकांचं समाधान, ताऱ्यांचा आलेख. मॅडम ऐकत होत्या. मग त्यांनी खडूबाईंना विचारलं, "टॅबचं मत आणि तुमचं मत, दोन्ही जुळतात का?"

सरांनी घसा खाकरला. मागे पिशवीतली वायर वाजली.

"तुम्हीच बघा आणि ठरवा," खडूबाई म्हणाल्या.

टॅब सुरू झाले. पडद्यावर ओळ आली: 'आजोबांच्या छत्रीत मांजर झोपलं आहे.' खाली तीन चित्रं. वर्गाने एकसाथ हाताची घडी घातली. मोठ्या सरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"मुलांनो," खडूबाई म्हणाल्या, "घडी सोडा. ओळीखाली बोट ठेवून वाचा."

मुलांनी आधी त्यांच्याकडे आणि मग भिंतीवरच्या नियमाकडे बघितलं.

"बाई, अहो, काच," टायवाले म्हणाले.

"काच मी पुसून देईन. माझ्या हाताने."

"बाई, नियम आहे," मोठे सर दबक्या आवाजात म्हणाले.

"सर, वाचायला शिकणारं मूल ओळीखाली बोट ठेवतं. तुम्ही ठेवलं होतंत, मी ठेवलं होतं, ह्या साहेबांनीही ठेवलं असेल. टॅब यायच्या आधीपासून ही पद्धत आहे आणि माझ्या वर्गात आजपासून परत तीच चालेल." आवाज चढलेला नव्हता, पण थरथरत होता, आणि तो थरथरतोय याची त्यांना लाज वाटली नाही. "बोट ठेवा रे."

बोटं टेकली. खरखरीत, शाईची, चावलेल्या नखांची बोटं.

मुलं वाट बघत होती. टॅब काही बोलेनात. कोणीतरी कुजबुजलं, "आज दमत का नाही?" दुसऱ्याने टॅब कानाला लावून बघितला. मग कंटाळून एकाने अंदाजपंचे एका चित्राला हात लावला, आणि 'टर्र' असा आवाज झाला. मुलांनी दचकून माना वर केल्या. चुकल्यावर टॅब असा ओरडतो हे ती कधीच विसरून गेली होती. मग दुसरीकडून टर्र, तिसरीकडून टर्र. एका मुलाचे डोळे भरून आले. खडूबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, पण उत्तर सांगितलं नाही. तेवढं न सांगणं त्यांना फार जड गेलं.

मॅडम भिंगरीकडे वाकल्या. "बाहेर फोटो तुझाच आहे ना? मग थांबलीस का?"

"आज तो दमतच नाहीये," भिंगरी रडवेली होऊन म्हणाली.

"कोण?"

"हा. रोज आम्ही गप्प बसलो की तो दमतो आणि सांगतो."

मॅडमनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. शेजारचा जास्तीचा टॅब उचलला, मांडीवर ठेवला आणि स्वतः हाताची घडी घालून बसल्या. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने त्या शांत वर्गात टॅबने गोड आवाजात ओळ खणखणीत वाचून दाखवली आणि मग एक मांजर नाचायला लागलं. मॅडमनी पुन्हा तेच केलं, या वेळी ओळीखाली बोट ठेवून. टॅब मुका बसला. पुढे त्यांना कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

"ती मदत आहे," टायवाले घाईघाईने म्हणाले. "मुलांना धीर यावा म्हणून." मग मागे वळून त्यांनी दिराला खुणावलं. "बघतोस काय? जा, बोटं काढायला सांग त्यांना."

दीर भिंतीपासून सुटला. बाकांच्या मधून तो पुढे आला तेव्हा खडूबाईंनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. त्याने बोटं काढायला लावली असती तरी त्यांना राग आला नसता. घरी बसण्याची शिक्षा त्याने एकदा भोगली होती, आणि आज वहिनीने जे केलं त्याची शिक्षाही पुन्हा त्यालाच भोगावी लागली असती.

तो पहिल्या बाकाशी थांबला. भिंगरीने नाक ओढत त्याच्याकडे बघितलं. तिचं बोट बरोबर 'छ'वर दाबून बसलं होतं. चार्जरदादा तिच्याशेजारी उकिडवा बसला.

"बोट जरा खाली घे," तो म्हणाला. "अक्षर झाकतंय."

टायवाल्यांचा चेहरा लाल झाला. "मी तुला काय सांगितलं?"

"तुम्ही बोटांचं बघायला सांगितलंत, साहेब," दीर उठता उठता म्हणाला. "बघितलं." मग पिशवी खांद्यावर टाकून तो परत भिंतीशी जाऊन उभा राहिला, या वेळी पाठ न टेकता.

खडूबाईंना रडू येईल असं वाटलं, म्हणून त्यांनी उगाचच डस्टर उचललं.

चाचणी संपली तेव्हा निकाल व्हायचा तोच झाला. मॅडमनी तो वाचला आणि खडूबाईंना बाजूला बोलावलं नाही, सगळ्यांसमोरच विचारलं. "तुमचा वर्ग सगळ्या शाळेत खाली जाईल, बाई. हे तुम्ही जाणूनबुजून केलंत ना?"

"हो. आधीचा निकाल आमचा नव्हता. हा आमचा आहे. कसाही असला तरी मला हाच हवाय, कारण ह्याच्यावरून मला उद्या सकाळी कुठून सुरुवात करायची ते कळतं. आणि ती सुरुवात मी याच खोलीत, याच फळ्यावर करणार. टॅबही ठेवणार. आवाज टेप करायचा, ऐकायचा, बोट ठेवून वाचायचं. हॉलमध्ये मी मुलं नेणार नाही. न्यायचीच असतील तर दुसरी देखरेख शोधा."

"बाई, हॉल रंगवून झालाय हो," मोठे सर म्हणाले.

मॅडम बाकावरून उठल्या, गुडघे चोळले. "साहेब," त्या टायवाल्यांना म्हणाल्या, "तुमचा टॅब उत्तम वाचतो असं मी लिहिते. मुलांचं मला पुन्हा येऊन बघावं लागेल, ती मदत बंद करून. तोवर मुलं आहेत तिथे, आहेत त्यांच्या हाताखाली राहतील." मग सरांकडे वळून, "हॉलचा रंग छान आहे हो. वाळू द्या अजून."

टायवाले फोन कानाला लावून बाहेर गेले. दिराच्या नोकरीचं काय होणार हे त्या फोनवर ठरत असावं. दीर खिडकीतून त्यांच्याकडे बघत होता. वहिनी जवळ येऊन उभी राहिली तेव्हा तो म्हणाला, "आईला तू सांग. मला नाही जमायचं."

"सांगते. आईंना बोट काढायला कोणी सांगितलं होतं, हेही सांगते."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला.

घंटा झाली. मुलं एकमेकांना ढकलत, "टर्र, टर्र" असा आवाज काढत मैदानाकडे पळाली. रडणारा मुलगा सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. वर्ग रिकामा झाला, भिंगरी सोडून. तिचा पहिला प्रयत्न चुकला होता. छत्रीखालच्या मांजराला हात लावला होता तिने, आणि छत्रीत झोपलेलं मांजर तिच्याकडे अजून पाठ करून होतं. ओळ पडद्यावर तशीच होती. तिने बोट पुन्हा सुरुवातीला नेलं, अक्षराच्या थोडं खाली.

"आ... जो... बां... च्या..."

मोठे सर टॅब गोळा करत तिच्यापाशी आले. त्यांना आता ही सकाळ लवकरात लवकर संपवायची होती. "घंटा झाली, बाळ. आण तो इकडे."

"छ... त्री... त," भिंगरी म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने टॅब पोटाशी ओढून घेतला. "थांबा ना, सर. मी अजून दमले नाहीये."